औंधचा नमस्कार

युजीन सँडो या जर्मन पहिलवानाचे शक्ती कमावण्याविषयीचे पुस्तक १८९७ साली इंग्रजीत निघाले. त्याच वर्षी सातारा भागातल्या औंध संस्थानच्या एका राजपुत्राने सँडोची सगळी साधने आणि पुस्तके विकत घेतली. राजपुत्राचे नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. वय २८-२९, पुण्यात शिकून बी. ए. झालेले, हातात चित्रकाराची कुंचली. युरोपातली नवी व्यायामपद्धती त्यांनी हौस म्हणून चार दिवस करून सोडली नाही, तब्बल १० वर्षे नेमाने केली. या १० वर्षांबद्दल त्यांनी पुढे स्वतःच लिहिले आहे. छाती भरली, दंड फुगले, पण शरीर आतून हलके आणि चपळ व्हावे तसे झाले नाही, असा त्यांचा अनुभव. १९०८ च्या सुमारास मिरजकर संस्थानिकांनी त्यांना आग्रह केला की हे सगळे बाजूला ठेवा आणि सूर्यनमस्कार घाला. त्यांनी ऐकले. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, ते औंधच्या गादीवर बसले. १९५१ साली वयाच्या ८२ व्या वर्षी ते गेले, तोपर्यंत सूर्यनमस्काराचा नाद त्यांनी सोडला नाही.

आज जगातल्या कुठल्याही शहरातल्या योगवर्गात सूर्यनमस्कार घातला जातो. त्या वर्गांत औंधचे नाव कुणाला ठाऊक नसते, हे एक वेळ समजू शकते. सातारा-सांगलीच्या शाळांतही ते नाव पुसट झाले आहे, याचे मात्र मनापासून वाईट वाटते.

बाळासाहेबांचे घराणे मूळचे किन्हईचे. किन्हई कोरेगाव तालुक्यात येते. पंतप्रतिनिधींचा वाडा तिथे आहे आणि गावाजवळच्या टेकडीवर साखरगडनिवासिनी यमाईचे देऊळ आहे. याच गावच्या कुलकर्ण्यांच्या घरातला परशुराम त्रिंबक हा मुलगा मराठेशाहीच्या सर्वांत कठीण काळात पुढे आला. संभाजीराजांचा वध झाला होता, राजाराम महाराज जिंजीला होते, मोगल फौजा मुलखात पसरल्या होत्या. रामचंद्रपंत अमात्यांच्या हाताखाली परशुरामपंतांनी १६९२ साली पन्हाळा परत घेतला. पुढे त्यांना प्रतिनिधिपद मिळाले आणि घराण्याला तेच नाव चिकटले. म्हणजे या घराण्याचे मूळ लेखणीचे असले तरी त्याने नाव काढले ते गडावर आणि रणात.

संस्थान तसे लहान, ७२ गावांचे. तीही सलग नव्हती. औंध खटाव तालुक्यात, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, आणि गुणदाळ पार विजापूरकडे. औंधला रेल्वेने जायचे तर उतरायचे कोरेगाव तालुक्यातल्या रहिमतपूर स्टेशनावर. तिथून पूर्वेकडे कोरडी, उन्हाची वाट. माण-खटावच्या या पट्ट्यात पाऊस कमी आणि जमीन हलकी. अशा मुलखात राजाला प्रजेसाठी धान्याची कोठारे भरून ठेवता येतीलच असे नाही. जे बिनपैशाचे आहे, ज्याला जागा लागते ती फक्त पसरलेल्या धोतराएवढी, असे काहीतरी तो देऊ शकतो. बाळासाहेबांचा नमस्काराचा आग्रह मी या उन्हात ठेवून पाहतो, तेव्हा तो मला एका गरीब संस्थानाचा सार्वजनिक आरोग्याचा कार्यक्रम वाटतो.

पण नमस्कार त्यांनी शोधला नव्हता. तो दोन वाटांनी त्यांच्यापर्यंत आला होता.

एक वाट पूजेची. सूर्याला अर्घ्य द्यायचे, त्याच्या १२ नावांचा उच्चार करायचा आणि प्रत्येक नावाला साष्टांग दंडवत घालायचे. रथसप्तमीला, व्रतात, नवसात. ऋग्वेदातल्या ऋचा जोडून केलेल्या तृचाकल्प नमस्कारांचा विधीही होता. यात मोजले जाई ते पुण्य. अंगाला व्यायाम घडे, तो ओघाने.

दुसरी वाट तालमीची. लाल मातीत उतरण्यापूर्वी पहिलवान जोर-बैठका काढतो. जोर काढताना हात-पाय जमिनीवर रोवून कंबर वर, मग छाती जमिनीलगत सरकवत पुढे, मग मान आणि पाठ वर. सूर्यनमस्काराच्या मधल्या तीन-चार स्थिती आणि जोर शेजारी ठेवून पाहिले, तर दोघांचे रक्त एकच आहे हे कळायला शास्त्रीबुवा लागत नाहीत. जोर काढणाऱ्याच्या समोर मारुतीची तसबीर असे आणि नमस्कार घालणाऱ्याच्या समोर सूर्य. कोरेगावहून साताऱ्याकडे जाताना जरंडेश्वराचा डोंगर दिसतो. त्याच्या माथ्यावर मारुतीच आहे. चाफळ, उंब्रज, मसूर, शहापूर अशी समर्थांची मारुतीची ठाणी याच कृष्णाकाठच्या मुलखात आहेत. समर्थ रामदास टाकळीला असताना रोज १२०० नमस्कार घालत, असे संप्रदायात सांगतात. आकडा कुणाला पटो न पटो, या मुलखाच्या मनात नमस्कार आणि मारुतीची ताकद एकत्र बसलेली होती, हे त्या कथेतून दिसतेच.

हठयोगाचा आणि नमस्काराचा मात्र फारसा घरोबा नव्हता. ‘हठप्रदीपिके’वर ब्रह्मानंदांनी १९ व्या शतकात ‘ज्योत्स्ना’ टीका लिहिली. तिच्यात योग्याने शरीराला शिणवणाऱ्या ज्या गोष्टी टाळाव्यात त्यांत पुष्कळ सूर्यनमस्कार घालणे हेही येते. आज ज्याला योगाचे प्रवेशद्वार म्हणतात, ते योगाच्या टीकाकाराने दाराबाहेर ठेवले होते. काही जणांना हे ऐकून धक्का बसतो, काही जण रागावतात. मला यात रागावण्यासारखे काही दिसत नाही. सूर्याला नमस्कार जुना आहे, जोर जुना आहे. या दोहोंना बांधून शाळेतल्या पोरापोरींना शिकवता येईल असा एक नियमबद्ध व्यायाम करणे हे काम विसाव्या शतकातले आहे, आणि त्याचा मोठा वाटा औंधचा आहे. ते शंभर वर्षांचे आहे म्हणून कमी मोलाचे ठरत नाही. उलट, ते कुणी केले हे आपण नावगावासकट सांगू शकतो. हजारो वर्षांच्या धूसर गौरवापेक्षा हे अधिक मोलाचे आहे, असे मला वाटते.

बाळासाहेबांनी काय केले ते नीट पाहण्यासारखे आहे, कारण कला टिकते ती अशा बारकाव्यांनी.

त्यांनी नमस्काराच्या १० स्थिती ठरवल्या. पहिली, पाय जोडून, छातीशी हात जोडून ताठ उभे राहणे. दुसरी, गुडघे न वाकवता खाली वाकून दोन्ही तळवे पावलांच्या बाजूला टेकणे. तिसरी, एक पाय मागे. चौथी, दुसराही पाय मागे, शरीर डोक्यापासून टाचेपर्यंत एका तिरक्या रेषेत. पाचवी, साष्टांग: कपाळ, छाती, हात, गुडघे, पावले जमिनीला. सहावी, हात सरळ करून छाती पुढे, मान मागे. सातवी, कंबर वर उचलून टाचा जमिनीकडे. आठवी, जो पाय आधी मागे नेला तो पुढे. नववी, दुसरा पाय पुढे, पुन्हा दुसरीसारखे वाकलेले. दहावी, उभे. हाताचे तळवे एकदा जमिनीला टेकले की पुन्हा उठेपर्यंत जागा सोडायची नाही. हा नियम किरकोळ वाटतो. करून पाहिल्यावर कळते की सारा व्यायाम त्यावर उभा आहे. हात हलवला की पाय पुढे आणणे सोपे होते आणि पोट-मांड्यांचे काम चुकते.

श्वास कुठे घ्यायचा, कुठे रोखायचा, कुठे सोडायचा, हेही त्यांनी बांधून दिले. प्रत्येक नमस्काराआधी ओंकार, बीजाक्षर आणि सूर्याचे नाव: ह्रां मित्राय, ह्रीं रवये, ह्रूं सूर्याय, असे भास्करापर्यंत. ह्रस्व-दीर्घ, अनुनासिक, महाप्राण असे हे उच्चार घशापासून पोटापर्यंत कंप देतात आणि त्याचा शरीराला उपयोग होतो, असे त्यांचे म्हणणे. वयाप्रमाणे किती घालावेत, हळूहळू कसे वाढवावेत, काय खावे, चहा-तंबाखू का सोडावी, हेही त्यांनी लिहिले. स्वतः ते रोज शेकड्यांनी घालत.

मग हे सगळे वाड्याबाहेर आणले. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले. मुलांना, आणि मुलींनाही. १९२० च्या दशकात, ज्या मुलखात लेकी-सुनांनी चारचौघांत हात-पाय ताणणे हे अघटित समजले जाई, तिथे राजाने आपल्या राणीसकट घरच्या बायकांना नमस्कार घालायला लावले आणि ते लपवून ठेवले नाही. बायकांचे आरोग्य हा त्यांच्या लिखाणात वारंवार येणारा विषय आहे. बाळंतपणांनी खंगलेल्या तरुण बायका त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांच्यासाठी तालमीचे दार बंद होते. नमस्काराला तालमीची गरज नव्हती. स्वयंपाकघराच्या बाजूच्या खोलीत, पहाटे, घर उठण्याआधी तो घालता येई. या एका गोष्टीसाठी तरी महाराष्ट्राने बाळासाहेबांचे ऋण मानावे.

त्यांनी व्याख्याने दिली, फोटो छापले, व्यायामाचा मूकपट करवून घेतला. चित्रकार असल्यामुळे शरीराची रेघ कुठे चुकते हे त्यांना दिसे आणि ते दाखवायचे कसे हेही कळे. १९२८ च्या सुमारास त्यांचे इंग्रजी पुस्तक औंधहून निघाले: आरोग्य, कार्यक्षमता आणि दीर्घायुष्य यांसाठी सूर्यनमस्कार. औंधमध्येच त्या वेळी पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांचे स्वाध्याय मंडळ होते. वेदांच्या संहिता छापणारे सातवळेकर योगासनांवरही लिहीत. वेद, चित्रे, छापखाना, शाळा आणि व्यायाम हे सारे त्या एवढ्याशा गावात एकमेकांच्या शेजारी नांदत होते.

त्यांचे सगळेच म्हणणे आज मान्य करता येणार नाही. जवळपास प्रत्येक रोगावर नमस्कार हा उपाय आहे असे त्यांना वाटे. बीजाक्षरांच्या कंपनांविषयीचे त्यांचे दावेही तपासले गेलेले नव्हते. पाठीच्या मणक्याचा त्रास, उच्च रक्तदाब, हर्निया असलेल्या माणसाने शंभर नमस्कारांच्या मागे लागणे धोक्याचे आहे, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. श्रद्धेच्या भरात माणूस दोन पावले पुढे जातो, तसे त्यांचे झाले. पण जे उरते ते भक्कम आहे: सांधे, पाठीचा कणा, खांदे, पोट आणि श्वास यांना काही मिनिटांत एकत्र कामाला लावणारा, खर्च नसलेला आणि एकट्याने करता येणारा व्यायाम.

इथे चीनकडे पाहिले पाहिजे, कारण तिथे जवळजवळ हेच, आणि जवळजवळ याच वर्षांत घडत होते. हेनान प्रांतात वेन परगण्यात चेनजियागौ नावाचे गाव आहे. १७ व्या शतकात मिंग राजवट कोसळल्यावर चेन वांगतिंग नावाचा लढवय्या अधिकारी या गावी परतला आणि त्याने लढाईचे डाव, श्वासाचे नियम आणि आरोग्यसाधना एकत्र करून तैजी या मुष्टियुद्धकलेची बैठक घातली, असे चेन घराण्याची परंपरा सांगते. हा माणूस साधारणपणे समर्थ रामदासांचा समकालीन. दोनशे वर्षे ती विद्या त्या एका घराण्यात राहिली. १९ व्या शतकात यांग लूचान नावाच्या बाहेरच्या माणसाने ती तिथे शिकून बीजिंगला नेली. त्याचा नातू यांग चेंगफू याने तिच्यातल्या उड्या आणि झटके काढून टाकले, गती संथ आणि एकसारखी केली, आणि शहरातल्या कारकुनाला, म्हाताऱ्याला, आजाऱ्याला ती करता येईल अशी बनवली.

चीनमध्येही त्या काळी लोकांना एकच काळजी जाळत होती: परकीयांनी आपल्याला दुबळे म्हणून हिणवले आहे, आपले शरीर पुन्हा उभे कसे राहील? शांघायमध्ये १९१० च्या सुमारास जिंगवू संस्था निघाली आणि तिने गुरूच्या घरातली मुष्टियुद्धविद्या वर्गात शिकवायला सुरुवात केली. मुलींनाही. १९२८ साली नानजिंगला राष्ट्रीय पातळीवरची गुओशू, म्हणजे युद्धकलेची, संस्था उभी राहिली. बाळासाहेबांचे इंग्रजी पुस्तक निघाले तेही त्याच सुमारास. महाराष्ट्रात याआधीच १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला होता. त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९२४ साली पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांचे महाराष्ट्रीय मंडळ आणि लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम, १९२५ साली मुंबईत समर्थ व्यायाम मंदिर. नकाशा समोर ठेवला तर दोन्ही देशांत एकाच वेळी तालमीचे दरवाजे उघडताना दिसतात.

आणि मग १९३६ हे साल येते. बर्लिनला ऑलिंपिक भरले होते. चीनने तिथे आपल्या युद्धकलेचे प्रात्यक्षिक करणारे पथक पाठवले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही त्या निमित्ताने बर्लिनला गेले आणि त्याने मल्लखांबासारखे आपल्याकडचे खेळ करून दाखवले. त्याच वर्षी औंधचे राजेसाहेब इंग्लंडात होते. वय ६७-६८. लंडनच्या ‘न्यूज क्रॉनिकल’ची लेखिका लुईझ मॉर्गन त्यांना भेटली आणि ताठ कण्याचा, तुकतुकीत कांतीचा हा म्हातारा पाहून चकित झाली. राणीसाहेबांना पाहून तर अधिकच. अनेक मुलांची आई असलेली ही बाई इतकी तरुण कशी, याचा शोध तिने आपल्या वाचकांसाठी घेतला. वृत्तपत्रातले तिचे लेख गाजले. त्यांतून १९३८ साली लंडनच्या डेंट प्रकाशनाने बाळासाहेबांचे पुस्तक नव्याने काढले. लुईझ मॉर्गनने ते संपादित केले आणि त्याचे नाव होते ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’. दहा स्थितींचा औंधचा नमस्कार अशा रीतीने इंग्लंडच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यात पोचला. चीनमध्ये यांग चेंगफू १९३६ सालीच वारला. पण त्याने संथ केलेली तैजी तोवर शहराशहरांत पसरली होती.

हिंदुस्थानात औंधच्या पुस्तकाचा प्रवास दक्षिणेकडेही झाला. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात १९३० च्या दशकात कृष्णमाचार्य योगशाळा चालवत. त्या राजवाड्यात सूर्यनमस्काराचे वर्गही वेगळे भरत. योग वेगळा आणि नमस्कार वेगळा, अशी तेव्हाही वाटणी होती. पुढे कृष्णमाचार्यांच्या शिष्यांच्या शिकवणुकीतून, विशेषतः पट्टाभी जोईसांच्या पद्धतीतून, नमस्कार योगासनांच्या मालिकेचा पायाच बनला. औंधचा त्यात नेमका वाटा किती, यावर संशोधकांत बरीच चर्चा झाली आहे. पण १९२० आणि १९३० च्या दशकांत सूर्यनमस्कार हा व्यायाम म्हणून देशभर बोलला जात होता तो बाळासाहेबांच्या प्रचारामुळे, याबद्दल दुमत दिसत नाही. कृष्णमाचार्यांचे दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि इथलेच झाले.

एखाद्या राजाचा छंद म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण या माणसाची बाकीची कामेही त्याच घडणीची आहेत. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातला कारखाना हलवावा लागला, तेव्हा बाळासाहेबांनी कुंडलजवळची ३२ एकर माळजमीन दिली आणि बिनव्याजी १०,००० रुपये दिले. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी एक लाख रुपये कबूल केले. १९३५ सालच्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. औंधच्या टेकडीवर चित्रांचे संग्रहालय बांधले. आणि १९३९ च्या जानेवारीत स्वतःची सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना जाहीर केली. ती घडवण्यात महात्मा गांधींचा हात होता, आणि बाळासाहेबांचे पुत्र अप्पासाहेब पंत व पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांची धडपड. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. तिथे जन्मठेपेचे कैदी बेड्यांशिवाय, भिंतीशिवाय शेती करू लागले. त्याच औंध संस्थानात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी पुढे या वसाहतीवरून ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची कथा लिहिली.

शाळेतल्या मुलाला नमस्कार शिकवणे आणि कैद्याच्या हातात कुदळ देऊन पहारा उठवणे यांमागे माणसाविषयीचा एकच विश्वास आहे. नियम बाहेरून लादला तर तो पहारा उठताच संपतो. शरीराला रोज स्वतःहून घातलेला नियम टिकतो. राज्यघटनेचा प्रयोगही याच विश्वासावर उभा होता. बाळासाहेबांनी नमस्कार मात्र सक्तीचे केले होते, हा त्यातला विरोध खराच. तो त्यांनी कसा सोडवला असता ते पाहायला काळ मिळाला नाही. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि संस्थानी हुकूमही त्याबरोबर संपले.

सक्ती गेली, पण नमस्कार गेला नाही. अप्पासाहेब पंत पुढे परराष्ट्रसेवेत गेले. नैरोबी, गंगटोक, जाकार्ता, ओस्लो, कैरो, लंडन, रोम असा त्यांचा प्रवास झाला. १९७० साली त्यांनी सूर्यनमस्कारावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. तेव्हा ते लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त होते. वडिलांनी ज्या शहरात १९३६ साली नमस्काराची ओळख करून दिली, तिथेच मुलगा उच्चायुक्त म्हणून बसून त्याच विषयावर लिहीत होता. दोघांच्या लिखाणात फरक आहे. वडिलांचा भर कमावलेल्या शरीरावर आणि कार्यक्षमतेवर, तर मुलाचा मनाच्या निवांतपणावर. काळाने व्यायामाकडून काय मागितले हे त्या फरकात वाचता येते.

दरम्यान चीनच्या सरकारने १९५६ साली तैजीची २४ हालचालींची सोपी आवृत्ती बांधली आणि ती शाळा, कारखाने, बागा यांत पसरवली. २०२० साली युनेस्कोने तैजीचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. योगाचा समावेश २०१६ सालीच झाला होता. आज जगभरातले लोक चेनजियागौला शिकायला जातात, कारण चीनने विद्या पसरवताना गावाचे नाव तिच्याबरोबर ठेवले. आपण सूर्यनमस्कार पसरवला आणि औंध मागे सोडले. इकडे २१ जूनच्या योगदिनासाठी २०१५ साली जो सर्वसामान्य आराखडा केला त्यात, काही मुस्लिम संघटनांच्या आक्षेपानंतर, सूर्यनमस्कार घेतला गेला नाही. पुढच्या वर्षांत मात्र स्वतंत्र मोहिमांतून कोट्यवधी नमस्कारांचे संकल्प झाले, सामुदायिक विक्रमही झाले. या दोन्ही टोकांच्या गदारोळात तो तालमीतून आलेला व्यायाम आहे हे कुणी बोललेच नाही. मंत्र म्हणून घालणारा घालो, न म्हणता घालणारा न म्हणता घालो. जोर काढताना खांद्याला जे काम पडते ते दोघांनाही सारखेच पडते.

आज सगळीकडे शिकवला जातो तो बहुतेक १२ स्थितींचा नमस्कार. त्यात हात वर नेऊन मागे झुकण्याची स्थिती सुरुवातीला आणि शेवटी वाढली आहे. ती छातीला चांगली, पण तिच्या नादात दोन गोष्टी निसटल्या. तळवे जागचे न हलवण्याचा नियम ढिला झाला, आणि गती हरवली. औंधचा नमस्कार दमाचा आहे. एकामागून एक, न थांबता, श्वासाच्या तालावर तो घालत गेले की दहा मिनिटांत घाम फुटतो. सातारा जिल्ह्यातून फौजेत आणि पोलिसांत जाणाऱ्या मुलांची परंपरा मोठी आहे. कोरेगावच्या आसपास भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे रस्त्याने धावताना दिसतात. धावण्याने पाय आणि दम तयार होतो. खांदे, पोट आणि पाठ यांसाठी त्यांच्याजवळ पैसे असले तर जिम असते, नसले तर काहीच नसते. त्यांच्यासाठी दहा स्थितींचा हा नमस्कार नेमका उपयोगाचा आहे, आणि तो त्यांच्याच तालुक्यातून निघालेल्या घराण्याने घडवलेला आहे. दिवसभर ऊस तोडणाऱ्या, पाणी धरणाऱ्या, किंवा आता मोबाइलवर वाकून बसणाऱ्या पाठींनाही तो तितकाच लागू पडतो. बेताने, सहा-आठ पासून सुरू करून.

औंधच्या संग्रहालयात चित्रे पाहायला माणसे जातात, यमाईच्या दर्शनालाही जातात. किन्हईला साखरगडावर यात्रा भरते. या दोन गावांच्या, आणि रहिमतपूर-कोरेगावच्या, शाळांनी दर रथसप्तमीला बाळासाहेबांच्या पद्धतीचा दहा स्थितींचा नमस्कार जशाच्या तसा घालावा: तळवे न हलवता, बीजाक्षरे ऐच्छिक ठेवून, मुलामुलींनी बरोबरीने. औंध संस्थानच्या शाळेत तो शिकलेली माणसे आता नव्वदीच्या घरात असणार. त्यांच्याकडून उच्चार, गती आणि मोजण्याची पद्धत ध्वनिमुद्रित करून घ्यायला अजून थोडा वेळ आहे. बाळासाहेबांची मूळ पुस्तके आणि त्यांनी करवलेला मूकपट ज्या कुणाच्या संग्रही आहे, त्यांनी एक प्रत औंधला आणि एक कोरेगावच्या वाचनालयाला द्यावी.